तेलकट फळं पक्ष्यांना पचतात कशी?

प्रश्न : फळं खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटातून फळ अर्ध्या तासात बाहेर पडतं, असं वाचलं. एवढ्यात तेलकट गर कसा पचतो?

उत्तर : एवढ्यात तो पचत नाहीच. अर्ध्या तासाचा हिशेब गोड, पाणीदार फळांचा. साखर पाण्यात विरघळलेलीच असते, आतडं ती चटकन शोषतं. चरबीचे आधी बारीक थेंब व्हावे लागतात, म्हणून तेलकट गर पोटात जास्त वेळ राहतो. थांबण्याचं मोलही मिळतं : एक ग्रॅम साखरेतून सुमारे ४ किलोकॅलरी, तर चरबीतून ९.

पित्तक्षार थेंब बारीक करतात, स्वादुपिंडाचं लायपेज हे चरबी पचवणारं विकर ते फोडतं. पक्ष्यांच्या शरीरातली खरी कमाल मात्र पुढे आहे. पेषणीतून, म्हणजे अन्न दळणाऱ्या स्नायूंच्या जठरातून, आतड्यात गेलेलं अन्न उलट्या लाटेने पित्त आणि लायपेज घेऊन पुन्हा पेषणीत येतं आणि परत घुसळलं जातं. उत्तर अमेरिकेतला यलो-रम्प्ड वॉर्बलर हा छोटा पक्षी बेबेरी या झुडपाच्या फळावरचं चक्क मेण खातो आणि त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त पचवतो, ते या उलट्या फेऱ्यांच्या आणि पित्तक्षारांच्या भरपूर साठ्याच्या जोरावर. शोषलेली चरबी आपल्यासारखी लसिकेतून (रक्तवाहिन्यांव्यतिरिक्त शरीरात असलेल्या द्रवाच्या वाटेतून) फिरत नाही, थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरते.

धनेश रानजायफळाची बी तिच्यावरच्या तेलकट जायपत्रीसकट गिळतो. पेषणीत जायपत्री सुटते आणि स्वच्छ बी चोचीतून बाहेर येते. बी आतड्यात जागा अडवत नाही, हे फार महत्त्वाचं.

प्रश्न : कबुतरांना पित्ताशयच नसतं ना?

उत्तर : बहुतेकांना नसतं, पण पित्त असतंच. ते यकृतातून सरळ आतड्यात येतं. मोठी रानकबुतरंही जायफळं खातात.

प्रश्न : अशक्त फलाहारी पक्ष्याचं वजन वाढवायला फळावर तेल घालावं का?

उत्तर : कृपया घालू नका. नुसत्या गोड फळांवर असलेल्या पक्ष्याचं आतडं एकदम आलेल्या तेलाला तयार नसतं. न पचलेली चरबी कॅल्शियमला धरून साबणासारखी होते आणि दोन्ही विष्ठेतून वाया जातात. विष्ठा चिकट, तुकतुकीत दिसली तर पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा. अ‍ॅव्होकॅडो तर मुळीच देऊ नका. मध्य अमेरिकेतला क्वेत्झाल पक्षी अ‍ॅव्होकॅडोच्या रानटी भाईबंदांची फळं खातो हे खरं, पण बाजारातल्या अ‍ॅव्होकॅडोतलं पर्सिन हे विष पिंजऱ्यातल्या बजरीगार, कॅनरीसारख्या पक्ष्यांच्या हृदयावर घाला घालतं.