चारही चाकं फिरतात, मग विंटर टायर कशाला?

प्रश्न : नवीन हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली) ऑल-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही घेतलीय आणि बर्फातला हा आमचा पहिलाच हिवाळा. शोरूमवाले म्हणाले, चारही चाकांना पॉवर आहे तर विंटर टायरची गरज नाही. खरंय का? शिवाय थंडी सुरू झाल्यापासून मायलेज बरंच पडलंय आणि सिग्नलला उभं असताना पण इंजिन चालूच राहतं. गाडीत काही बिघाड तर नाही ना?

उत्तर : टायरबद्दल जे सांगितलं ते अजिबात ऐकू नका. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी जागेवरून हलवायला आणि चढ चढायला मदत करतं, पण ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांवरच असतात, त्यामुळे थांबताना आणि वळताना त्याचा काडीचाही फायदा नाही, तिथे सगळा भरवसा टायरच्या रबरावर. साध्या टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं, विंटर टायरचं मऊ राहतं. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह बघून घ्या, आणि चारही बदला, दोनच बदलले तर गाडीचं एक टोक धरतं आणि दुसरं घसरतं. थंडीत हवाही कमी होते, दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय, तेव्हा प्रेशर चेक करत राहा.

मायलेजची काळजी नको, बिघाड नाहीये. हीटरला गरम पाणी इंजिनच देतं म्हणून ते उभ्या गाडीतही चालू राहतं, आणि गार पडलेली बॅटरी चार्जिंग कमी घेते. सीट हीटर असेल तर तो लावून केबिनचा हीटर थोडा कमी करा, फरक पडतो.

निसरड्या उतारावर आधीच स्पीड कमी करून उतरा, एकदम 'बी' मोड (उतारावर ब्रेक न दाबता गाडी रोखून धरणारा गिअर) टाकू नका, बऱ्याच हायब्रिडमध्ये हा रोखण्याचा जोर मुख्यतः पुढच्या चाकांवर येतो आणि ती घसरू शकतात. जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली पॅडल थरथरलं तर घाबरून पाय उचलू नका, ते एबीएसचं, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, काम चाललेलं असतं.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा : बर्फात अडकलात आणि गाडी 'रेडी'वर (म्हणजे चालू) असेल तर इंजिन बंद वाटलं तरी ते आपोआप कधीही सुरू होतं, सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो आणि त्याला वास नसतो. आधी खाली उतरून ते तोंड मोकळं करा, मगच हीटर लावून बसा, बर्फ पडतच असेल तर थोड्या थोड्या वेळाने परत बघा.