चिनी कोरीव ट्रे घ्यायचाय? आधी उलटा करून बघा

पहिलाच ट्रे घेताय ना, मग वरच्या नक्षीला भुलू नका हो, आधी तो उलटा करा. खालची बाजू कोणी सजवत नाही त्यामुळे तिथे खरं काय ते कळतं, रंग चढवलेला असेल तर कोपऱ्यात साचलेला दिसतो आणि झिजलेल्या कडेला आतलं फिकट लाकूड डोकावतं.

मग मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरा. हाताने कोरताना कमळाच्या पाकळीभोवतीची जमीन (म्हणजे नक्षीमागचा सपाट भाग) छिन्नीने खाली नेतात, म्हणून ती किंचित खालीवर असते आणि पाकळ्यांमधले कोपरे टोकदार असतात. मशीनचं काम असेल तर खोली सगळीकडे एकसारखी आणि कोपरे गोल, कारण फिरतं पातं तिथे शिरतच नाही. मी तरी कोरीव ट्रेमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतो.

चांगल्या कारागिराने बऱ्याचदा तळाची फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवलेली असते, पावसाळ्यात लाकूड फुगलं तरी तडकत नाही.

विक्रेता सरसकट 'झितान' म्हणेल. झितान म्हणजे आपलं आंध्रातलं रक्तचंदन, चीनच्या छिंग राजवटीच्या काळात (1644–1912) दरबारी कामाला वापरायचे, फार जड आणि दुर्मिळ. बाजारात बहुतेक होंगमू (शिसवीसारखं लालसर लाकूड) मिळतं, तेही सुंदरच असतं पण झितानचे पैसे देऊ नका.

आणि घरी आणल्यावर पॉलिश अजिबात नको, मऊ ब्रशने धूळ झटका फक्त.