गर्भपाताचा धोका कशामुळे वाढतो आणि प्रदेशानुसार आकडे इतके वेगळे का दिसतात?

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते: जिना चढल्यामुळे, रोजच्या कामामुळे किंवा नवऱ्याशी भांडल्यामुळे गर्भ पडत नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या सुमारे निम्म्या गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. बाईला दोष देणं थांबवा.

लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण 15 टक्के गर्भपातात संपतात. वयाचा परिणाम सर्वांत मोठा. पंचविशी-तिशीत धोका 10 टक्क्यांच्या आसपास असतो, पंचेचाळिशीनंतर निम्म्याहून जास्त. आधीचे गर्भपात, ताब्यात नसलेला मधुमेह किंवा थायरॉईड, धूम्रपान, दारू, खूप कमी किंवा खूप जास्त वजन यांनीही तो वाढतो. वडिलांचं वाढतं वयही मोजावं लागतं, हे घरात क्वचितच कुणी बोलतं.

प्रदेशांची तुलना जपून करा. बाळ जन्माआधीच दगावलं तर ठरावीक आठवड्यांपर्यंत त्याला गर्भपात आणि त्यानंतर मृतजन्म म्हणतात, पण ही मर्यादा सगळीकडे सारखी नाही: ब्रिटनमध्ये 24 आठवड्यांनंतरच्या मृत्यूला मृतजन्म म्हणतात, अमेरिकेत 20 नंतर, तर जागतिक आरोग्य संघटना आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी 28 आठवडे धरते. शिवाय घरीच झालेले लवकरचे गर्भपात बहुतेक ठिकाणी नोंदलेच जात नाहीत.

मृतजन्मांतली दरी मात्र खरी आहे. जगातले तीन चतुर्थांशाहून अधिक मृतजन्म सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आणि दक्षिण आशियात होतात. मलेरिया, उपचार न झालेला सिफिलिस (एक गुप्तरोग), वाढलेला रक्तदाब ही त्यामागची कारणं. आणि प्रसूतीच्या वेळी मदत उशिरा मिळणं, हे मला सगळ्यांत अस्वस्थ करतं, कारण यातले बरेच मृत्यू टळू शकतात.

सलग दोन गर्भपात झाले असतील तर दोघांनीही तपासणी करून घ्या.