कॅपमधून सीट मिळाली, तरी कॉलेज पूर्ण फी मागतंय

प्रश्न : मी विड्या वळते, नवरा यंत्रमागावर आहे. मुलीला कॅप राउंडमधून (सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) सोलापुरातच इंजिनिअरिंगला ओबीसीतून सीट मिळाली. कॉलेज म्हणतं, आधी पूर्ण फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ. तोवर मूळ दाखलेही कॉलेजच ठेवून घेणार. एक जण पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून सीट देतो म्हणतोय, दोन लाख रोख. दागिने गहाण टाकू का? (पूर्व भागातील एक आई)

उत्तर : ताई, दागिने घरातच राहू द्या.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. तुमची मुलगी दोन्हींत बसते. पुण्याची ती मॅनेजमेंटची सीट घेतलीत, की ही माफी गेलीच. शिवाय ते दोन लाख विनापावती द्यायचे, म्हणजे ती देणगी झाली. अशी देणगी, म्हणजेच कॅपिटेशन फी, घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पावतीच नसेल तर उद्या मी कोर्टात काय दाखवू? पुण्याची हौस मला कळते, सोलापूरकरांना ती जरा जास्तच असते. पण या किमतीला नको.

आता कॉलेजचं. तोंडी भांडू नका. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा : मुलगी कॅपमधून आली आहे, माफीला पात्र आहे, तेव्हा शिक्षण फी मागू नये; मागायचीच असेल तर तसं लेखी द्यावं. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. ही पोच हातात असली की निम्म्या वेळा सूर तिथेच बदलतो. नाही बदलला, तर तीच प्रत जोडून तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या पुणे विभागीय कार्यालयाकडे तक्रार करा. सोलापूर त्यांच्याच अखत्यारीत येतं.

फी माफ म्हणजे सगळंच फुकट, असं मात्र नाही. विकास शुल्कासारख्या काही रकमा माफीत येत नाहीत, त्या भराव्या लागतील. कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. तो तक्ता मागा, कोणती रक्कम कशाची ते बघा आणि प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

मूळ दाखले तपासून परत द्यायचे असतात, ते अडवून ठेवता येत नाहीत. अर्जात हेही एका ओळीत लिहा. दाखले देण्याआधी सगळ्यांच्या झेरॉक्स काढून ठेवा.

महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्ती आणि फीमाफीच्या सरकारी पोर्टलवरचा, अर्ज मात्र मुलीने वेळेत भरायलाच हवा. तो राहिला तर कॉलेजला आयतं निमित्त मिळेल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणी प्रमाणपत्र जवळ आहे ना? पडताळणी बाकी असेल, तर फीच्या आधी तिच्या मागे लागा. ओबीसीची सीट त्या कागदावरच टिकते.