घरातील कार्यालय आणि आयकरातील वजावट

प्रश्न : मी वास्तुविशारद असून भाड्याच्या घरातील एका खोलीत स्वतंत्रपणे व्यवसाय करते. वर्षाची जमा साधारण 18 लाख रुपये आहे. माझे पती नोकरदार असून तेही घरूनच काम करतात. घरभाडे, वीज आणि इंटरनेट यांच्या खर्चाची वजावट आम्हा दोघांना मिळेल का?
— एक वाचक

उत्तर : आपल्या पतींना ती मिळणार नाही. पगारदाराला घरून काम करण्यासाठी आलेल्या प्रत्यक्ष खर्चाची वेगळी वजावट आयकर कायदा देत नाही. त्याऐवजी प्रमाणित वजावट (प्रत्यक्ष खर्च न पाहता पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) मिळते, जी जुन्या करप्रणालीत 50,000 रुपये आणि नव्या करप्रणालीत 75,000 रुपये आहे. कंपनीने वापरण्यास दिलेल्या लॅपटॉपवर मात्र कर लागत नाही, म्हणून तो कंपनीकडूनच मागून घ्यावा.

आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. आयकर कायद्यातील अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीनुसार (1961 च्या कायद्यात कलम 44 एडीए) वास्तुविशारदाची वार्षिक जमा 50 लाखांपर्यंत असेल, तर तिचा किमान निम्मा भाग उत्पन्न म्हणून दाखवता येतो आणि हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. आपल्या बाबतीत हे उत्पन्न 9 लाख रुपये होईल. उरलेल्या 9 लाखांत भाडे, वीज, संगणकाचा घसारा (वापराने घटणारी किंमत) असा सर्व खर्च आलाच असे कायदा मानतो, त्यामुळे त्यानंतर खोलीचे भाडे वेगळे वजा करता येत नाही. ही चूक अनेकांकडून होते, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

दुसरा मार्ग प्रत्यक्ष खर्च दाखवण्याचा. समजा, भाडे दरमहा 24,000 रुपये आहे आणि 600 चौरस फुटांच्या घरात कार्यालयाची खोली 150 चौरस फुटांची आहे. तर चौथा हिस्सा, म्हणजे वर्षाला 72,000 रुपये, व्यवसायाचा खर्च धरता येईल. खोलीच्या मोजमापाचा नकाशा, भाडेकरार आणि बँकेतून भाडे दिल्याच्या नोंदी जपून ठेवाव्यात, कारण अंशतः वापराच्या जागेचे योग्य प्रमाण ठरवण्याचा अधिकार करनिर्धारण अधिकाऱ्याला असतो. विजेचा हिस्सा क्षेत्रफळावरून काढण्यापेक्षा कार्यालयातील उपकरणांच्या वापरावरून काढणे अधिक पटण्याजोगे ठरते, आणि इंटरनेट घरातील सारेच वापरत असल्यास त्याचे पूर्ण बिल व्यवसायावर टाकू नये. शिवाय नफा जमेच्या निम्म्याहून कमी दाखवल्यास, आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा अधिक असल्यास, हिशेबाच्या वह्या ठेवून लेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक होते.

माझ्या मते, आपण मदतनिसांचे पगार किंवा बाहेरून करून घेतलेल्या आराखड्यांचे मोठे मोबदले देत नसाल, तर केवळ घरातील कार्यालयाचा खर्च 9 लाखांच्या जवळपासही जाणार नाही, आणि पहिलाच मार्ग हिताचा ठरेल. दुसरा निवडायचा झाल्यास पतींच्या घरभाडे भत्त्याकडेही पाहावे : जुन्या करप्रणालीत ते संपूर्ण भाड्यावर सूट घेत असतील, तर त्याच भाड्याचा चौथा हिस्सा आपल्या खर्चात पुन्हा दाखवता येणार नाही. भाडेकरार दोघांच्या नावे करून प्रत्येकाने आपला हिस्सा स्वतःच्या खात्यातून द्यावा आणि तेवढ्याचाच दावा करावा.