कॅरिबियनमधल्या त्रिनिदादच्या १९७० च्या ब्लॅक पॉवर, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या, आंदोलनापासून तिथले भारतीय वंशाचे लोक लांब का राहिले?

लांब राहिले हे कुणी ठरवलं? हा प्रश्न बहुतेक वेळा उत्तर मनात धरूनच विचारला जातो: ‘आपली माणसं असल्या भानगडीत पडत नाहीत.’

१२ मार्चचा मोर्चा बघा. आंदोलन चालवणाऱ्या नॅशनल जॉइंट ॲक्शन कमिटीने तो राजधानी पोर्ट ऑफ स्पेनहून कुव्हा गावापर्यंत, पंचवीस-तीस मैल, उसाच्या पट्ट्यातून पायी नेला. घोषणा होती, भारतीय आणि आफ्रिकन एक व्हा. तेव्हा तोडणीचा ऐन हंगाम. मळे ‘टेट अँड लाइल’ या ब्रिटिश साखर कंपनीच्या कॅरोनी कंपनीचे. मजुरांची युनियन भदासे मराज यांच्या मुठीत, सनातन धर्म महासभा ही तिथली हिंदूंची संघटनाही त्यांच्याच हातात, आणि त्यांचा मोर्च्याला विरोध. म्हणजे मजुराने मोर्च्यात शिरायचं तर मालक, युनियन आणि देऊळ, तिघांशी एकदम वाकडं घ्यायचं. याला वंशाचा स्वभाव म्हणणं हा शुद्ध आळस आहे.

आता तारखा लावा. २६ फेब्रुवारीपासून शहरात मोर्चे निघत होते. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीने आंदोलनातला तरुण बॅसिल डेव्हिस गेला, त्याच्या अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. १३ तारखेला मंत्री ए. एन. आर. रॉबिन्सन मंत्रिमंडळातून बाहेर पडले. तरी आणीबाणी नाही. १८ च्या सुमारास ऊस कामगार, बहुतेक भारतीय वंशाचे, संपावर गेले, राजधानीवर चालून यायचं ठरलं, आणि २१ एप्रिलच्या पहाटे पंतप्रधान एरिक विल्यम्स यांनी आणीबाणी लावून पुढाऱ्यांना उचललं. त्यात बहुतेक आफ्रिकन वंशाच्या तेल कामगारांचे नेते जॉर्ज वीक्सही होते. धसका होता तो ऊस आणि तेल एकत्र येण्याचा. १९६५ मध्येही ऊसपट्ट्यात आणीबाणी लावून संपाला वेसण घालणारा कायदा असाच घाईने उरकला होता.

त्याच दिवशी टेटेरॉन छावणीत सैनिकांनी बंड केलं. पुढारी दोन तरुण लेफ्टनंट, रेक्स लासाल आणि रफीक शाह. छावणीतून शहराकडे येणारा रस्ता समुद्रालगतचा. तटरक्षक दलाने तोफा डागून तो रोखला, बंड तिथेच अडकलं. भारतीय वंशाचे हेच शाह पुढे ऊस शेतकऱ्यांचे नेते झाले. लांब राहिलेल्यांत यांना कुठे बसवायचं?

अर्थात, सगळं गाव मोर्च्यामागे धावलं असं नाही. आफ्रिकी पेहराव, वळलेल्या मुठी हे बऱ्याच जणांना परकं वाटलं, आणि विल्यम्स यांनी १९५८ मध्ये भारतीयांना आडमुठे अल्पसंख्य म्हणून हिणवलं होतं, ते कुणी विसरलं नव्हतं. दोन्हीकडचा संशय खराच होता. पण १९७१ च्या निवडणुकीवर विरोधकांनी बहिष्कार टाकला, तेव्हा सुमारे एक तृतीयांशच मतदान झालं, आणि विल्यम्स यांच्या पक्षाने ३६ पैकी ३६ जागा खिशात घातल्या. त्या दिवशी घरी बसलेले लोक दोन्ही वंशांचे होते.