वाचकांचे प्रश्न : बोलणं उशिरा, प्रगती मोजायची कशी?

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. तिसऱ्या वाढदिवसाला तपासलं तेव्हा भाषेचं वय २४ महिने आलं होतं. सहा महिने स्पीच थेरपी झाली, आता २८ महिने आलंय. थेरपिस्ट म्हणतात प्रगती आहे, सासूबाई म्हणतात काडीचा फरक नाही. कुणाचं खरं? (सोलापूर)

उत्तर : थोडं थोडं दोघींचंही. मुलगा चार महिन्यांनी पुढे गेला, पण तेवढ्यात त्याचं वय सहा महिन्यांनी वाढलं. ३६ पैकी २४ म्हणजे ६७ टक्के, ४२ पैकी २८ म्हणजेही ६७च. वेग जुनाच राहिला आणि अंतर १२ महिन्यांचं १४ झालं. ३० महिने आले असते तर अंतर जैसे थे; त्याहून जास्त, तरच तो अंतर भरून काढतोय असं म्हणता येतं. तरी या एका आकड्यावर थेरपिस्ट बदलायची घाई नको. त्या दिवशी झोप झाली नव्हती, एवढ्यानेही महिना-दोन महिन्यांचा फरक पडतो.

रिपोर्टमध्ये समजण्याचं आणि बोलण्याचं वय वेगळं दिलंय का ते बघा. नसेल तर मागून घ्या. एकाचं समजणं ३६ महिन्यांचं नि बोलणं २० चं, दुसऱ्याची दोन्ही २८ ची, सरासरी दोघांची सारखीच. पण दुसऱ्याची भाषेपलीकडची, सर्वांगीण विकासाची तपासणीही व्हायला हवी. शिवाय दोन्ही वेळी चाचणी तीच होती का, आणि उत्तरं मुलाने दिली की 'घरी म्हणतो' असं तुम्ही सांगितलंत, हेही विचारा.

समजणं घरी तपासताना गफलत होते ती हावभावांमुळे. चपलांकडे बघत 'चप्पल आण' म्हटलं की मूल तुमची नजर वाचतं, शब्द नाही. समोर चमचा आणि कंगवा ठेवा, आजी आणि बाबांना बसवा, हात मांडीवर ठेवून, त्याच्याकडेच बघत म्हणा, 'आजीला कंगवा दे.' चारातून एकदा नुसत्या अंदाजानेही बरोबर येईल, म्हणून वस्तू आणि माणसं बदलून आठ-दहा वेळा करा.

बोलण्यासाठी दर तीन महिन्यांनी २० मिनिटं खेळताना मोबाइलवर रेकॉर्ड करा. खेळणी दर वेळी तीच. पहिली ५० स्वतःहून केलेली उच्चारणं, म्हणजे एका दमात बोललेला शब्द किंवा वाक्य, लिहा. तुमच्यामागून म्हटलेलं, एबीसीडी, जाहिरातीतली वाक्यं वगळा. एकूण शब्दांना ५० ने भागा. 'पाणी' वरून 'मला पाणी दे' कडे सरकतोय का, 'आई आली', 'बाबा आला' मधला फरक येतोय का, ते दिसेल. आपण मात्र 'हे काय? ते काय?' विचारत बसतो. त्याला उत्तर एका शब्दाचंच येणार, आणि सरासरी उगाच खाली जाते. 'अरे, गाडी पडली!' म्हणा नि पाच सेकंद गप्प बसा.

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची, मोजके शब्द बोलते. टाळी वाजवली की वळून बघते, जन्मानंतरची कानाची तपासणीही ठीक होती. तरी डॉक्टर पुन्हा कान तपासायला सांगतात. गरज आहे का? (रत्नागिरी)

उत्तर : आहे, आणि बाकी सगळ्याच्या आधी. टाळीचा आवाज मोठा असतो. 'स', 'श' फारच हलके. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठलं तर ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं, आणि जन्मावेळी ठीक असलेले कान नंतरही बिघडू शकतात. टिम्पॅनोमेट्रीत, म्हणजे कानाच्या पडद्याची हालचाल मोजणाऱ्या तपासणीत, पाणी कळतं. 'आवाज आला की ठोकळा डब्यात टाक' अशी खेळातून होणारी तपासणी या वयापासून बऱ्याच मुलांना जमते. नाही जमली तर झोपवून बेरा करतात, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू काय प्रतिसाद देतात ते यंत्राने मोजतात. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्राची (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) वाट राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून, म्हणजे अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडूनही मिळते.

प्रश्न : घरी मराठी, शेजारी कानडी, प्लेग्रुपमध्ये इंग्रजी. एकच भाषा ठेवू का? (बेळगाव)

उत्तर : नको. अनेक भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही. मोजताना सगळ्या भाषांतले शब्द एकत्र धरा. नुसत्या इंग्रजीतून तपासलेला रिपोर्ट अपुरा समजा. दोन वर्षं पूर्ण होऊन सगळे मिळून ५० च्या खाली शब्द असतील किंवा दोन शब्द जोडत नसेल तर तपासणी करा. आणि येत असलेले शब्द गळायला लागले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.